चिझलहर्स्ट की वुकी होल? सिनेमातली भीतीदायक गुहा बघायची असेल तर

लंडनमध्ये आहात, हाताशी एकच मोकळा दिवस आहे आणि पडद्यावर बघून दचकलो ती गुहा आता प्रत्यक्ष बघायचीय. अशा वेळी दोन नावं समोर येतात: शहराच्या आग्नेय कडेची चिझलहर्स्ट केव्हज आणि नैऋत्य इंग्लंडच्या सॉमरसेटमधली वुकी होल.

दोन्ही जागांना सर्रास 'प्राचीन गुहा' म्हटलं जातं. आधी त्या शब्दाचा निकाल लावू, कारण तिथेच गफलत होते. चिझलहर्स्ट ही मुळात गुहाच नाही. खडू आणि गारगोटी काढण्यासाठी माणसांनी खणलेली ती खाण आहे. सुमारे 35 किलोमीटर बोगद्यांचं जाळं, 1830च्या दशकापर्यंत चालू असलेलं. 1903 मध्ये विल्यम निकोल्स यांनी हे बोगदे ड्रुइड (प्राचीन ब्रिटनमधले पुजारी), रोमन आणि सॅक्सन लोकांनी खोदल्याचं मांडलं. पुरावा तोकडा, पण गोष्ट झकास! विभागांना आजही तीच नावं आहेत. वुकी होल मात्र अस्सल. चुनखडीच्या डोंगरात ॲक्स नदीने कोरलेली, आणि हजारो वर्षांपासून माणसाचा वावर असलेली.

सिनेमाच्या बाबतीत पारडं फिरतं. 1981 चा 'इन्सेमिनॉइड' हा नॉर्मन जे. वॉरन यांचा रक्ताळलेला भयपट. त्यातले परग्रहावरचे भुयारी मार्ग म्हणजे हेच चिझलहर्स्टचे बोगदे. (पोरांना घेऊन जाणार असाल तर हा सिनेमा आधी दाखवू नका.) वुकी होलच्या खात्यात निखळ भयपट नाही, 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेतली 1975 ची सायबरमेनची (अर्धयांत्रिक खलनायकांची) कथा आहे. ती मालिका 1972 मध्ये चिझलहर्स्टलाही येऊन गेली होती, म्हणजे मालिकेपुरती बरोबरीच.

आता खरा प्रश्न: भीती कुठे वाटते? वुकी होलमध्ये रंगीत दिवे आहेत, आणि पाण्याकाठी चेटकिणीच्या आकाराचा दगड आहे. ग्लास्टनबरीच्या एका साधूने पवित्र पाणी शिंपडून तिचा दगड केला म्हणे. ऐकायला छान, पण जांभळ्या उजेडात अंगावर काटा काही येत नाही. त्यात बाहेर डायनासोरचे पुतळे नि आरशांचा भुलभुलैया! चेटकीण बिचारी जत्रेत हरवल्यासारखी वाटते.

चिझलहर्स्टमध्ये विजेचे दिवे नाहीत. गाइडच्या मागे, हातात कंदील घेऊन चालायचं. कंदील भिंतीजवळ नेला की पांढऱ्या खडूत गारगोटीचे काळे पट्टे आणि कुदळीचे घाव दिसतात. दोन पावलांपुढे काळोख. एकट्याने भटकायला मुभा नाही, आणि ते बरंच आहे, कारण प्रत्येक वळण मागच्यासारखंच दिसतं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांपासून बचावासाठी इथे 15,000 पर्यंत माणसं राहायची. एका रात्रीचं भाडं मोठ्यांना एक पेनी, मुलांना अर्धा. आत प्रार्थनाघर होतं, दवाखाना होता. मला तर भुताच्या गोष्टींपेक्षा या माणसांच्या विचारानेच जास्त गलबलून येतं.

प्रवासाचं गणित सरळ आहे. चिझलहर्स्टला लंडनहून थेट लोकल ट्रेन, आणि स्टेशनपासून चालत काही मिनिटं. अर्धा दिवस पुरतो. वुकी होल वेल्स (Wells) या छोट्या शहराजवळ, वेल्स देशात नव्हे. त्या शहराला रेल्वे नाही, त्यामुळे गाडी करा किंवा ब्रिस्टल, बाथकडून बस पकडा. लंडनहून एका दिवसात जाऊन येणं म्हणजे नुसती दमछाक. त्या भागात मुक्काम असेल तर मात्र जरूर जा. तिथल्या गुहेत चेडर चीज मुरवायला ठेवतात, तो वासही अनुभवण्यासारखा.

म्हातारं माणूस बरोबर असेल तर वुकीच्या पायऱ्या लक्षात घ्या. लहान मुलं असतील तर तीच जागा बरी, दिवस सहज निघतो. फक्त भीतीसाठी जाणार असाल तर चिझलहर्स्ट, दुसरा विचार नको. तिथे सगळे वार उघडं नसतं, तेव्हा वार बघून निघा.

दोन्हीकडे बारा महिने 10-11 अंशच, त्यामुळे जुलैतही स्वेटर हवाच. आणि चिझलहर्स्टला काळे बूट नकोत; खडू आहे.