कराटे शिकता हे सांगायचं, की झाकून ठेवायचं?

जळगावात एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी मी मुलामुलींना कराटे शिकवते. दरवर्षी जूनमध्ये नवी तुकडी आली, की महिनाभरात कुणीतरी वर्ग सुटल्यावर मागे रेंगाळतं आणि विचारतं, "ताई, कॉलेजात सांगू का, की नको?" यंदा पारोळ्याकडची एक मुलगी होती, पहिल्यांदाच हॉस्टेलवर राहायला आलेली. तिला उभ्या उभ्या जे नीट सांगता आलं नाही, ते इथे लिहिते.

कुस्तीवाल्याला हा प्रश्न पडत नाही. आपल्याकडे जत्रेत दंगल होते, पोरगा चार गावांसमोर कुणाची तरी पाठ मातीला लावतो आणि दिवेलागणीपर्यंत पंचक्रोशीला त्याचं नाव कळतं. पुढे तर मोडलेले कानच त्याची ओळख सांगतात. कराटे बंद हॉलमध्ये चालतं, म्हणून सांगायचं की नाही हे आपल्या हातात राहतं. कराटे जिथलं, त्या जपानच्या ओकिनावा बेटावर ही विद्या कितीतरी काळ गुपचूपच शिकवली जायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतोसु आंको या कराटे गुरूंनी ती तिथल्या शाळांमध्ये नेली आणि १९२२ साली त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन यांनी टोकियोत जाहीर प्रात्यक्षिक करून दाखवलं. त्यामुळे झाकणाऱ्यालाही परंपरेचा आधार आहे आणि उघड करणाऱ्यालाही.

सांगावं असं म्हणणाऱ्यांचं पहिलं कारण ठरलेलं असतं: "लोकांना माहीत असलं, की कुणी वाटेला जात नाही." मला हे पटत नाही. बसस्टँडवर मागून धक्का मारणाऱ्या अनोळखी माणसाला तुम्ही वर्गात काय सांगितलंय ते कुठून कळणार? आणि त्रास देणारा ओळखीतलाच असेल, तर तो माहिती असल्यामुळे सावध होऊन येतो. अंगावर आलेल्या माणसाला आपला अंदाज नसणं ही शरीरानं लहान असलेल्या मुलीची मोठी ताकद असते. हात सुटायला आणि पळायला तेवढा क्षण पुरतो. तो क्षण गप्पांमध्ये खर्चून टाकायचा नाही.

दुसरं नुकसान मी स्वतः पाहिलंय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले होते. झोक्यावर बायकांची गाणी चालली होती आणि कुणीतरी कौतुकानं सांगितलं, की हिला ब्लॅक बेल्ट मिळाला. झालं. "दखाड ना!" (दाखव ना!) म्हणत आतेभावानं मागून मनगट धरलं. तो जोरात, मी बेसावध. सवयीनं हात फिरला आणि त्याचं मनगट मुरगळलं. केळीच्या कापणीचे दिवस, आणि तो पंधरा दिवस घड उचलू शकला नाही. आत्या माझ्याशी दिवाळीपर्यंत धड बोलली नाही. तिचा राग रास्त होता. अशा वेळी हात सोडवता आला नाही तर "काय कामाचं तुझं कराटे" असं ऐकावं लागतं आणि सोडवता आला तर कुणालातरी लागतं. दोन्हीकडून तोटाच. मुलांच्या बाबतीत तर चहाच्या टपरीवर अशा थट्टेची भांडणं होतात.

ब्लॅक बेल्ट या शब्दाभोवतीही लोकांच्या फार कल्पना असतात. त्याच्या पहिल्या पातळीला 'शोदान' म्हणतात, म्हणजे पहिली पायरी. ऐकणाऱ्याला मात्र ती शेवटची वाटते.

कायद्याबद्दलही मुलं विचारतात. ब्लॅक बेल्टवाल्याला पोलिसांत नाव नोंदवावं लागतं ही निव्वळ अफवा आहे, असा कायदा आपल्याकडे नाही. स्वसंरक्षणाचा हक्क सगळ्यांना आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये येतो. कलम ३७ मात्र नीट वाचा. बचावाला गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क कुणालाच नाही. पडलेल्या माणसाला आणखी दोन लाथा घातल्या, तर तो बचाव उरत नाही. आणि तुम्ही आधी चारचौघांत "मी एका फटक्यात झोपवीन" असं बोलला असाल, तर तेच वाक्य उद्या तुमच्याविरुद्ध सांगायला माणसं तयार होतील.

इथवर वाचून वाटेल, मी झाकण्याच्याच बाजूची आहे. तसं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी माझ्या हातांवर सरावातले काळेनिळे डाग असायचे. नोकरीच्या ठिकाणी मी काही सांगितलं नव्हतं. एके दिवशी डबा खाताना शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, "घरी काही त्रास आहे का गं?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या गप्प राहण्यामुळे माझ्या सासूबाईंवर संशय गेला होता, आणि त्याच रोज मला क्लासला वेळेवर पाठवायच्या. दुसऱ्याच दिवशी मी सगळ्यांना सांगितलं. अंगावर खुणा दिसणार असतील तर रोजच्या माणसांना खरं कारण माहीत हवं. डॉक्टरांना तर सगळ्यात आधी. डोक्याला मार बसला असताना "पायरीवरून पडले" म्हणणं धोक्याचं आहे.

स्थळांच्या बायोडाटावर मामाकुळाखाली कराटे लिहायचं का, यावर आमच्या घरी दोन दिवस वाद झाला होता. आई म्हणाली, नको, मुलगी मारकुटी आहे असं समजतील. मी लिहिलं. एका घरानं खरंच नकार कळवला, आणि मला आजही वाटतं, की बरं झालं. नंतर जो मुलगा आला त्यानं पोह्यांची बशी हातात असतानाच विचारलं, "क्लास कोणत्या वारी असतो?" जी गोष्ट आठवड्यातल्या तीन संध्याकाळी घेते, ती लपवून संसार कसा करायचा?

शाळेला न सांगणं तर सरळ तोट्याचं. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात आणि त्याचा प्रस्ताव शाळा किंवा कॉलेजमार्फतच जातो. राज्य सरकारच्या नोकरीत ५ टक्के खेळाडू आरक्षण आहे. फक्त त्यासाठी मान्य स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात, क्लासनं दिलेला बेल्ट चालत नाही. खेळ आणि स्पर्धा शासनाच्या यादीत आहे का, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधीच विचारून घ्या.

ऑफिसात नव्या ओळखीच्या लोकांना सांगण्यानं फार काही बिघडत नाही आणि मिळतही नाही.

पारोळ्याच्या मुलीला मी म्हटलं, रूममेटला सांग, कारण उशिरा आलीस तर ती वाट बघेल. वॉर्डनबाईंना क्लासची वेळ लिहून दे. कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांना स्वतः जाऊन भेट. वर्गातल्या मुलांना आपणहून सांगू नकोस, पण कुणी थेट विचारलं तर खोटंही बोलू नकोस. तिनं विचारलं, "आणि कुणी दखाड म्हणालं तर?" म्हटलं, हॉलचा पत्ता दे, सोमवारी सहाला ये म्हणावं. महिन्याभरात तिच्या वर्गातल्या दोन मुली आल्या. एक अजून येते.