मोठ्या ऑनलाइन बाजारात सोलापुरी टॉवेल विकताना: वर्षभराचा अनुभव

आमच्या यंत्रमागावरचे टेरी टॉवेल आणि चादरी एका बड्या ऑनलाइन कंपनीच्या बाजारात लावल्या, त्याला आता वर्ष उलटून गेलं. सोलापुरातले बरेच जण विचारतात, "टाकावं का ऑनलाइन?" म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी चांगलं ते सांगतो. गुवाहाटीला किंवा कोचीला चादर पाठवायची तर एरवी एजंट गाठा, उधारीवर माल द्या, मग वसुलीसाठी फोन करत बसा. इथे कुरिअरवाला गोदामाच्या दारातून माल उचलतो आणि ठरल्या दिवशी पैसे खात्यात येतात. उधारी बुडत नाही, ही आपल्या धंद्यात फार मोठी गोष्ट आहे.

आता हिशेब. 499 रुपयांच्या टॉवेल सेटचं एक सेटलमेंट, म्हणजे कंपनी शुल्क कापून पैसे देते तो हिशेब, घ्या. कमिशन 60, ठरावीक शुल्क 26, शिपिंग 71. पहिल्या पानावर दिसायचं तर जाहिरात द्यावीच लागते, ती सेटमागे 55 च्या आसपास पडते. झाले 212. त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा. त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून तो वजा होतो, पण तोवर पैसा अडकून राहतो. उरलेल्यात सूत, रंगाई, मजुरी, वीज, पॅकिंग भागवायचं. आणि एखादा सेट परत आला, त्यातला टॉवेल एकदा धुतलेला निघाला, की तो नवा म्हणून विकताही येत नाही.

एवढं शुल्कही सोसलं असतं, कारण ते कागदावर दिसतं. खरा जाच न दिसणाऱ्या गोष्टींचा आहे. माझा कुठला रंग खपतो, कुठल्या पिनकोडला जातो, कुठल्या किमतीला गिऱ्हाईक मागे फिरतं, हे सगळं कंपनीला माझ्याआधी कळतं. आणि त्याच पानावर कंपनीचा स्वतःचा ब्रँड आणि दोन-चार ठरलेले मोठे विक्रेते कायम माझ्या वर असतात. बाजार समितीत कांद्याचा लिलाव निदान चारचौघांसमोर पुकारला जातो. इथे वर कोण, खाली कोण, हे कशावरून ठरतं ते विचारायला माणूसच सापडत नाही. मदतकेंद्राकडून दर वेळी तेच छापील उत्तर येतं.

सगळ्यात जास्त लागलं ते पाडव्याला. मी तोच सेट माझ्या स्वतःच्या वेबसाइटवर 449 ला लावला. थोड्याच दिवसांत कंपनीच्या पानावरून माझ्या सेटचं खरेदीचं बटण गायब झालं. संदेश आला, किंमत स्पर्धात्मक नाही. म्हणजे जिथे ते 212 रुपये द्यावे लागत नाहीत, तिथेही मी स्वस्त विकायचं नाही! गिऱ्हाइकांनी हे नीट समजून घ्यावं. शुल्काचा भार धरून बांधलेला भाव मग बाहेरच्या दुकानातही तुम्हालाच मोजावा लागतो.

हे फक्त माझ्यापुरतं नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, सप्टेंबर 2023 मध्ये 17 राज्यांना सोबत घेऊन अ‍ॅमेझॉनवर खटला भरला. बाहेर स्वस्त विकणाऱ्या विक्रेत्यांना अद्दल घडवली जाते, हा त्यातला मुख्य आरोप. विक्रीतला जवळपास निम्मा पैसा शुल्कातच जातो, असंही ही संस्था म्हणते. कंपनीला हे मान्य नाही. युरोपीय संघाने मात्र डिसेंबर 2022 मध्येच अ‍ॅमेझॉनला कबूल करायला लावलं, की विक्रेत्यांची गोपनीय माहिती स्वतःच्या किरकोळ विक्रीसाठी वापरणार नाही. तिथल्या विक्रेत्याला मिळालेलं संरक्षण इथल्या विक्रेत्याला का नसावं?

आपल्याकडे दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या आपल्या सरकारी संस्थेने, जानेवारी 2020 मध्ये अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांची चौकशी लावली. पुढच्याच महिन्यात कर्नाटक हायकोर्टाने स्थगिती दिली, ती 2021 मध्ये उठली. ठरावीक विक्रेत्यांना झुकतं माप दिल्याचा निष्कर्ष तपास अहवालात असल्याच्या बातम्या 2024 मध्ये आल्या, आणि प्रकरण पुन्हा कोर्टात अडकलं. दोन्ही कंपन्या गैरप्रकार नाकारत आल्या आहेत. त्यात आपल्या कायद्याची एक पंचाईत आहे. एकट्या कंपनीचं वर्चस्व असेल तर बोट ठेवता येतं, पण दोघींनी मिळून बाजार व्यापला तर 'संयुक्त वर्चस्वा'ची तरतूदच नाही. ही दुरुस्ती व्हायलाच हवी. नाहीतर सूत महाग झालं, वीज महाग झाली, त्यात हेही सोसायचं, असं करत लहान कारखानदार संपेल.

गिऱ्हाईक म्हणून मी या बाजाराला पाचपैकी चार देईन, विक्रेता म्हणून दोन. माल टाकायचा असेल तर टाका, पण निम्म्याहून जास्त विक्री तिथे जाऊ देऊ नका. जुने ठोक व्यापारी सांभाळा. जाहिरातीचा खर्च धरूनच किंमत बांधा. बटण गेलं, क्रम घसरला, की तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा. स्पर्धा आयोगाकडे कुणालाही माहिती दाखल करता येते, पण पुरावा हवा. आम्ही काही विक्रेते असे पुरावे एकत्र करतोय. तुमच्याकडे असतील तर जरूर द्या.