परसातील संरक्षक भिंतीचे अंदाजपत्रक: चिपळूणच्या एका अभियंता कार्यालयाची सेवा

चिपळूणजवळ उतारावर असलेल्या आमच्या घराच्या परसात तांबड्या मातीची ८ फूट उंचीची दरड आहे. ती रोखण्यासाठी ४० फूट लांबीची संरक्षक भिंत बांधायची असल्याने आम्ही एका परवानाधारक अभियंत्याच्या कार्यालयाकडून शुल्क भरून अंदाजपत्रक करून घेतले. ठेकेदार अंदाज फुकट सांगतात. तरीही हे शुल्क पूर्णपणे वसूल झाले, असे माझे मत आहे.

ठेकेदारांचा भाव रनिंग फुटावर, म्हणजे भिंतीच्या लांबीच्या दर फुटामागे होता आणि उंचीची चौकशी त्यात जेमतेम होती. कार्यालयाने मात्र उंचीपासूनच सुरुवात केली, कारण उंची दुप्पट झाली की मातीचा रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवणारा जोर आठपट होतो. त्यामुळे ४ फुटी भिंतीचा दर दुप्पट करून ८ फुटी भिंतीचा खर्च काढता येत नाही. काळ्या दगडाची भिंत माथ्याशी २ फूट व पायथ्याशी साडेचार फूट जाड धरल्यावर बांधकाम १०.४ ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट) भरले. साडेपाच फूट रुंद आणि २ फूट खोल पायाचे ४.४ ब्रास वेगळे. म्हणजे जवळजवळ ३० टक्के काम जमिनीखाली गाडले जाते, आणि तोंडी दरात नेमके तेच मोघम राहते.

मला सर्वाधिक भावला तो पाण्याच्या निचऱ्याचा तपशील. कोकणात वर्षाला ३,००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि भिंतीमागे माथ्यापर्यंत पाणी तुंबले, तर तिच्यावरील दाब दुपटीहून अधिक वाढतो. म्हणून भिंतीमागील खडीची भरणी, भिंतीतून काढायचे निचऱ्याचे पाइप आणि दरडीच्या माथ्यावरचे गटार या बाबींची मापे व दर स्वतंत्र दाखवले होते. पैसे वाचवण्यासाठी लोक पहिली कात्री इथेच लावतात आणि ती फार महागात पडते.

एक उणीव गंभीर होती. आमच्याकडे ट्रक रस्त्यापर्यंतच येतो. तेथून परसापर्यंत दगड, वाळू आणि सिमेंट मजुरांनी वाहून न्यावे लागते. जागेची पाहणी करूनही ही मजुरी पहिल्या अंदाजपत्रकात धरलेली नव्हती. लक्षात आणून दिल्यावर कार्यालयाने जादा शुल्क न घेता सुधारित प्रत दिली, परंतु हे मुळातच व्हायला हवे होते.

सुधारित प्रतीतील दराचा रकाना कोरा ठेवून आम्ही तीच यादी ठेकेदारांना दिली. त्यामुळे सर्वांचे भाव एकाच कामाचे आले आणि प्रथमच त्यांची खरी तुलना करता आली. ४ फुटांहून उंच भिंत बांधणाऱ्यांनी ही सेवा जरूर घ्यावी. मात्र पाहणीच्या वेळीच रस्त्यापासून जागेपर्यंतचे अंतर मोजून घेण्याचा आग्रह धरावा आणि जीएसटी धरला आहे की नाही, हे लेखी विचारावे.