माझ्या पासपोर्टवरचं ‘बेळगाव’ आणि गेलेले 32,700 रुपये

माझी मुलगी जर्मनीत असते. 2024 च्या सप्टेंबरअखेरीस तिचं पहिलं बाळंतपण होतं आणि मी तिच्याजवळ जायचं असं घरात ठरलं. डिंकाचे लाडू, अळीव, ओवा, बाळंतशोपा, सगळ्याची यादी मी मे महिन्यातच करून ठेवली होती. कागदपत्रांचं मात्र एका माणसावर सोपवलं.

बेळगावातल्या आमच्या शहापूरहून बाजारात जाताना त्याचं दुकान लागायचं. पासपोर्ट, व्हिसा, विमान तिकीट असा मराठीत बोर्ड. आपल्याकडे सरकारी कचेरीत गेलं की कागद कन्नडमध्ये, पुढे परदेशाचे अर्ज इंग्रजीत. जन्मभर मराठी शाळेत शिकवलेल्या माझ्यासारखीला तो बोर्ड बघूनच धीर आला. आत गेल्यावर तो उठून उभा राहिला. “टीचर, माझा थोरला भाऊ तुमच्या वर्गात हुता की!” मी कोणता भाऊ, कुठलं साल, काही विचारलं नाही.

पासपोर्ट हातात घेतल्याबरोबर त्याचा चेहरा गंभीर झाला. 2018 साली काढलेल्या माझ्या पासपोर्टवर जन्मगाव शाळेच्या दाखल्याप्रमाणे ‘बेळगाव’ आहे. आधारवर ‘बेळगावी’.

“त्या लोकांना ही दोन वेगळी गावं वाटत्यात, टीचर. डायरेक्ट रिजेक्ट हुतंय बघा. आणि एकदा रिजेक्ट झालं की पाच वर्षं जाता येत नाही.”

बाळंतपण तोंडावर आलेल्या मुलीच्या आईला याहून जास्त घाबरवायची गरज नसते. गावनाव दुरुस्तीच्या ‘सरकारी प्रमाणपत्रा’चे 14,500 रुपये मी दुसऱ्याच दिवशी रोख दिले. पावती मागितली, तर म्हणाला, काम झाल्यावर एकदमच देतो. पुढे व्हिसा केंद्राची लवकरची तारीख मिळवून देतो म्हणून 10,000 आणि प्रवास विम्याचे 8,200, असे 18,200 फोनवरून घेतले. ते दुकानाच्या खात्यात गेले नाहीत. कुणा बाईच्या नावाच्या खात्यात गेले. नाव पडद्यावर दिसत होतं, मी वाचलंही होतं. मेहुणीचं खातं आहे म्हणाला आणि मी गप्प बसले. शिवाय “तुम्हाला सहा महिन्यांचा व्हिसा काढून देतो” असंही वरून सांगितलं.

जून गेला, जुलै गेला. “बेंगळुरूहून तारीख यायची हाय” एवढंच उत्तर. ऑगस्टच्या शेवटी मुलीने विम्याच्या कागदाचा फोटो मागितला आणि पॉलिसी नंबर कंपनीच्या साइटवर टाकला. असा नंबरच नव्हता. फोन केला, तर माझ्या नावाने कुठलीच पॉलिसी काढलेली नव्हती. कागदावर कंपनीचं चिन्ह होतं, माझं नाव होतं, शिक्काही होता. मग तारखेची चौकशी केली. व्हिसा केंद्रात माझ्या नावावर कुठलीही तारीख घेतलेली नव्हती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी दुकानावर गेले, कुलूप. ‘सरकारी प्रमाणपत्र’ शेजारच्या वकिलांना दाखवलं. साधा बाँड पेपर, नोटरीचा शिक्का, खाली माझीच सही. मी स्वतःच लिहून दिलेलं प्रतिज्ञापत्र मला साडेचौदा हजारांना विकलं होतं. तिथून मुख्य पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात गेले. खिडकीवरच्या मुलीने शांतपणे सांगितलं की गावाचं नाव सरकारनेच बदललंय, 1 नोव्हेंबर 2014 पासून, त्यामुळे पासपोर्ट बाद होत नाही. चौकशीला एक रुपया लागला नाही. हीच चौकशी मी जूनमध्ये करायला हवी होती.

जी चूक खरंच अडवू शकली असती, ती या माणसाने पाहिलीही नव्हती. आधारवर माझ्या नावात ‘व्ही’च्या जागी ‘डब्ल्यू’ पडला आहे आणि त्याने तिकिटाचं नाव आधारवरून लिहून घेतलं होतं. विमानाच्या तिकिटावर नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. नशिबाने तिकिटाचे पैसे अजून द्यायचे होते.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या नंबरवर फोन केला, सायबर पोलीस ठाण्यात तक्रार दिली. तिथल्या हवालदारांनी मी मराठीत सांगितलेलं सगळं कन्नडमध्ये उतरवून घेतलं आणि सही घेण्याआधी मराठीत वाचूनही दाखवलं. पण एक गोष्ट त्यांनी स्पष्ट सांगितली: पैसे गेल्याबरोबर तासा-दोन तासांत फोन आला तर खातं गोठवता येतं, दोन महिन्यांनी हाताला काही लागत नाही. रोख दिलेल्याचा तर पुरावाच नाही. आजवर एक पैसा परत आलेला नाही.

मग मुलीनेच फोनवरून एकेक कागद करून घेतला. खानापूर, निपाणी, येळ्ळूर, कुठूनही लेकीकडे जायला निघालेल्या आयांनी हे समजून घ्यावं. जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालतो त्या शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना 90 युरो आहे, वर केंद्राचा सेवाआकार. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे मला मार्चअखेरीलाच सुरुवात करता आली असती. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. विमा किमान 30,000 युरोचा हवा. तो स्वतः कंपनीकडून घ्या आणि नंबर त्याच दिवशी तपासा. मुलगी खर्चाची हमी घेणार असेल, तर तिथल्या कचेरीतून तिने काढलेलं हमीपत्र मूळ प्रतीत कुरिअरने मागवा. आणि 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. सहा महिने म्हणणारा माणूस खोटं बोलतोय. कुंदा नेऊ नका. दुधाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत. माझे दोन डबे भावजयीकडे गेले.

बाळ सप्टेंबरच्या 27 तारखेला झालं. मी तेव्हा शहापुरात व्हिसाची वाट बघत होते. बाराव्या दिवशी बारसं झालं, तेव्हा पाळणा मी मोबाइलवरून म्हटला. पोचले तेव्हा नात एकोणीस दिवसांची होती.

फ्रँकफर्टला उतरल्यावर खिडकीतल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला, किती दिवस राहणार विचारलं, परतीचं तिकीट बघितलं. जन्मगावाच्या ओळीबद्दल त्याने काहीच विचारलं नाही.