चिवितावेक्कियाला उतरून रोम: जहाजाची सहल की आपली आगगाडी?

क्रूझच्या कार्यक्रमपत्रिकेत 'रोम' छापलेलं असलं, तरी जहाज लागतं ते चिवितावेक्कियाला, आणि तिथून रोम साधारण 80 किलोमीटर. मी हा दिवस दोन्ही तऱ्हांनी काढला आहे. पहिल्या खेपेला जहाजाची सहल, म्हणजे जहाजानेच ठरवलेली बसची सहल घेतली, दोन वर्षांनी आपले आपण आगगाडीने गेलो. दोन्ही वेळा आई बरोबर होती. वय सत्तरीपुढे, गुडघे बेताचे.

आधी वेळेचं बोलू. पत्रिकेत सकाळी 7 ते संध्याकाळी 7 असं असतं, पण 7 ला नुसते दोर बांधतात. आम्ही जमिनीवर पाय ठेवेपर्यंत पावणेआठ झाले. परतताना निदान अर्धा तास आधी जहाजावर हजर व्हायचं असतं, म्हणजे साडेसहा. दिवस इथेच पावणेअकरा तासांचा होतो, आणि त्यातले तीनेक जाण्यायेण्यात जातात. हे दोन्ही पर्यायांना सारखंच लागू.

जहाजाच्या सहलीचं एक मान्य करायला हवं: बस कोंडीत अडकली तर जहाज थांबतं. आपण एकटे उशिरा आलो तर ते निघून जातं आणि पुढचं बंदर स्वतःच्या खर्चाने गाठावं लागतं. ही हमी मोठी आहे आणि तिचेच पैसे पडतात. आम्हाला माणशी शंभर युरोंच्या वर पडले. अंगावर नंबराचा स्टिकर लावून जहाजाच्या नाट्यगृहात ताटकळणं, दर थांब्यावर हजेरी, हेही मी सोसलं असतं.

सोसवलं नाही ते दुकान. राजस्थानात गाडीवाला 'पाच मिनिटं' म्हणून रजयांच्या दुकानात नेतो, तेच व्हॅटिकनशेजारी झालं. गाइडबाईंनी कारण फार सोज्वळ दिलं, 'तिथे स्वच्छतागृह आहे.' होतं, पण अख्खं दुकान ओलांडून मागच्या टोकाला. आम्ही चाळीस-पंचेचाळीस जण, स्वच्छतागृहं दोन. पाऊण तास गेला. आईने एक जपमाळ घेतली आणि बसमध्ये मणी मोजत बसली. 108 काही भरेनात. ती ख्रिस्ती जपमाळ, 59 मण्यांची, हे मी सांगितल्यावर तिने पिशवीत टाकली. पुढे त्रेवीच्या कारंज्यापाशी, जिथे लोक पाण्यात नाणी टाकतात, आम्हाला मिळाली पंधरा मिनिटं. गर्दीतून आई कठड्यापर्यंत पोचलीच नाही, नाणं मुठीतच राहिलं. सहल वाईट नव्हती, गाइड जाणकार होत्या. पण पाऊण तास दुकानाला आणि पाव तास कारंज्याला, हा हिशेब माझ्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या खेपेला बंदराच्या फुकट बसने लार्गो देला पाचे या बसथांब्यावर उतरलो, तिथून स्टेशनची बस धरली. 'बिर्ग' नावाचं दिवसभराचं तिकीट आम्ही गेलो तेव्हा 12 युरोंना होतं. त्यात साध्या गाडीने जाणं-येणं आणि रोमची मेट्रो-बसही येते. फक्त ते आधी यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचं, आणि जलद गाड्यांत ते चालत नाही एवढं लक्षात ठेवायचं. बहुतेक लोक तेर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनापर्यंत जातात. आम्ही त्याआधीच्या रोमा सान पिएत्रोला उतरलो. चिवितावेक्कियाहून पाऊण-एक तास, आणि तिथून व्हॅटिकनचा सेंट पीटरचा चौक आईच्या चालीनेही वीस मिनिटांत आला. नंतर टॅक्सीने त्रेवी. आई कठड्यावर अर्धा तास बसली आणि तीन नाणी टाकली. मागची धरून, म्हणाली.

परतीसाठी मी एकच नियम पाळला: वेळेत पोचवणारी शेवटची गाडी शोधायची आणि तिच्या दोन गाड्या आधीची पकडायची. म्हणून साडेतीनला रोम सोडलं. बायकोच्या मते हा अतिरेक होता, आणि असेलही. रोममध्ये मिळालेला वेळ मोजला तर दोन्ही खेपांना सहाएक तासच भरतील. दुसऱ्यांदा ते आमचे होते.

तरी एका दिवशी मी निमूटपणे जहाजाचीच बस घेईन: रेल्वेच्या संपाच्या. इटलीत संप आधी जाहीर होतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 व संध्याकाळी 6 ते 9 काही गाड्या चालवाव्याच लागतात. सकाळच्या गाडीने जाल हो, पण संध्याकाळची सुटेपर्यंत इकडे शिडी उचलायची वेळ. तेव्हा निघण्याच्या आठवड्यात संपाच्या तारखा जरूर बघा. सहा-सात जणांत व्हॅन ठरवणारेही भेटले, खूश होते. मी केलेली नाही, म्हणून त्यावर बोलत नाही.

आणखी एक. जहाजाच्या रोजच्या पत्रकात बंदरातल्या एजंटाचा फोन नंबर असतो, जहाज चुकलंच तर म्हणून त्याचा फोटो काढून ठेवा. पासपोर्ट जहाजाने ठेवून घेतला असेल तर त्याची प्रत जवळ हवी. आम्हाला दोन्ही लागलं नाही. पाच वाजता बंदराजवळच्या मिकेलांजेलो किल्ल्याच्या भिंतीला टेकून आइस्क्रीम खात होतो, तेव्हा सहलीच्या बस एकेक करून आत शिरत होत्या. आई खिडक्यांतून दुकानाच्या पिशव्या शोधत होती.