नव्या प्राध्यापकासाठी काय हवं: कक्ष की सोबत?

राखीव जागेवर विद्यापीठात रुजू झालेल्या मैत्रिणीने विचारलं, "इथे आपलं वाटावं म्हणून काय मागू? अनुसूचित जाती-जमाती कक्ष बळकट करा म्हणू, की एखादा ज्येष्ठ सहकारी मार्गदर्शक म्हणून द्या?"

खर्च दोन्हींचा फार नाही. कक्षाला खोली आणि माणसं लागतात, मार्गदर्शकाचा वेळ.

टिकाऊपणात कक्ष सरस. बिंदुनामावलीवर (कोणतं पद कोणत्या प्रवर्गाला राखीव, ते दाखवणारी यादी) लक्ष, तक्रारीची लेखी नोंद ही कामं एका माणसावर अवलंबून राहत नाहीत. मार्गदर्शक निवृत्त झाला की सोबत संपते.

पण रोजच्या एकटेपणावर कक्षाकडे औषध नाही. चहा घेताना कुणी "कोट्यातून ना?" म्हणालं, तर त्याचा अर्ज कसा लिहायचा? तिथे शेजारी बसणारं माणूस हवं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार पीएचडीधारक सहायक प्राध्यापक ४ वर्षांनी पहिल्या स्थाननिश्चितीला (सेवेतल्या वरच्या टप्प्यावरच्या बढतीला) पात्र होऊ शकतो. त्यासाठीची कागदपत्रं पहिल्या दिवसापासून जपायची, हेही मार्गदर्शकच सांगतो. मात्र तो विभागप्रमुख नसावा. गोपनीय अहवाल लिहिणाऱ्यापुढे मन मोकळं होत नाही.

पदोन्नती अडली, तक्रार करण्याजोगा अपमान झाला, तर कक्षच. नवी नोकरी, अनोळखी विभाग असेल तर आधी सोबत मागावी. मैत्रिणीला मी तेच सांगितलं.