हप्त्याहप्त्याने दिलेली दहावी : मुक्त विद्यालयाच्या परीक्षेचे परीक्षण

दिव्यांग मुलाने दहावी कोणत्या मंडळाकडून द्यावी, हा प्रश्न पुण्यातील पालक साधारणपणे आठवीच्या दुसऱ्या सत्रात विचारू लागतात, आणि तोवर कोणीतरी त्यांना ‘एनआयओएसला टाका, सोपे असते’ असे सांगून ठेवलेले असते. विशेष शिक्षिका म्हणून मी अध्ययन अक्षमता, सेरेब्रल पाल्सी आणि स्वमग्नता असलेल्या मुलांबरोबर काम करते. त्यांपैकी काहींनी राज्य मंडळाची, तर काहींनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, परीक्षा दिली. ही परीक्षा सोपी असल्याचा समज मला मान्य नाही. मात्र ती एकेक विषय सुटा करून देता येते, आणि काही मुलांच्या बाबतीत एवढ्या एका सोयीने दहावीचे गणित बदलते.

तुलनेसाठी आधी राज्य मंडळाकडे पाहणे भाग आहे, कारण तेथील सवलती अनेक पालकांना पूर्णपणे ठाऊक नसतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली आणि त्यांत अध्ययन अक्षमतेचाही समावेश केला. परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख याच कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे. त्यानुसार आपल्याकडे ताशी २० मिनिटे जादा वेळ मिळतो, रायटर घेता येतो, तिसरी भाषा सोडता येते, बीजगणित आणि भूमिती यांऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित व त्यासोबत कार्यानुभवाचा एक विषय घेता येतो, आणि उत्तीर्ण होण्यासाठी गरज पडल्यास २० वाढीव गुणांचीही तरतूद आहे. हे सर्व शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवून होते. ज्या मुलाला रोजची शाळा आणि वर्गातील मित्र मानवतात, आणि ज्याची मुख्य अडचण वाचन-लेखनाच्या गतीची आहे, त्याने या सवलती घेऊन राज्य मंडळातच राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पालकांनी एनआयओएसची चौकशी करण्यापूर्वी शाळेला या सवलतींविषयी लेखी विचारावे.

परंतु या व्यवस्थेला एक मर्यादा आहे, आणि ती सवलतींची यादी वाचून लक्षात येत नाही. तीन तासांच्या भाषेच्या पेपरला ताशी २० मिनिटे मिळाली, की तो पेपर चार तासांचा होतो. हात चालत नाही म्हणून रायटरला उत्तरे सांगणाऱ्या, बोलताना शब्दाशब्दाला श्वास गोळा करावा लागणाऱ्या मुलाला चार तास बाकावर बसवणे ही सवलत आहे की शिक्षा, असा प्रश्न पडतो. शिवाय फेब्रुवारी-मार्चच्या त्या काही आठवड्यांत भाषा, बीजगणित, भूमिती, विज्ञानाचे दोन भाग आणि सामाजिक शास्त्रांचे पेपर एकापाठोपाठ एक येतात. ज्या मुलाला फिट येतात, ज्याच्या औषधांनी दुपारी झापड येते, किंवा ज्याचे मन एका बिघडलेल्या पेपरानंतर आठवडाभर सावरत नाही, त्याला वाढीव मिनिटांपेक्षा दोन पेपरांमधले महिने हवे असतात.

एनआयओएस नेमके ते देते. एकदा प्रवेश घेतला की नोंदणी पाच वर्षे टिकते. वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या सुमारास, सार्वजनिक परीक्षा होते, आणि या काळात विद्यार्थ्याला एकूण नऊ संधी मिळतात. एका खेपेस किती विषयांना बसायचे हे विद्यार्थी ठरवतो, आणि उत्तीर्ण झालेला विषय त्याच्या खात्यावर कायम राहतो. याखेरीज ‘मागणीनुसार परीक्षा’ अशी सोय आहे, जिच्यात ठरलेल्या केंद्रावर तयारी झालेल्या विषयाची परीक्षा सार्वजनिक परीक्षेची वाट न पाहता देता येते. दुसऱ्या मान्यताप्राप्त मंडळाकडे नापास झालेल्या विद्यार्थ्याला तेथे उत्तीर्ण झालेल्या जास्तीत जास्त दोन विषयांचे गुण येथे वळते करून घेता येतात, हेही लक्षात ठेवावे. उत्तीर्णतेची पातळी ३३ टक्के आहे. राज्य मंडळात ती ३५ आहे, परंतु या दोन टक्क्यांच्या आशेने कोणी मंडळ बदलू नये.

विषयांची निवड हा दुसरा मोठा गुण. प्रमाणपत्रासाठी किमान पाच विषय लागतात आणि त्यांत किमान एक भाषा असावी लागते. गणित किंवा विज्ञान सक्तीचे नाही. मराठी, गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एंट्री आणि व्यवसाय अध्ययन अशी जुळणी करून दहावी झालेल्या मुलांच्या हाती अगदी रीतसर गुणपत्रिका येते, आणि तिच्या आधारे अकरावीच्या कला किंवा वाणिज्य शाखेत प्रवेश घेता येतो. कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी २०२१ पासून भारतीय सांकेतिक भाषा हा माध्यमिक स्तरावरील भाषा विषय म्हणून उपलब्ध आहे. ज्या मुलाची पहिली भाषाच हातांची आहे, त्याला त्याच भाषेत परीक्षा देता यावी, ही गोष्ट मला या संस्थेच्या सर्व योजनांत अधिक मोलाची वाटते. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या आणि दहावीच्या पातळीपर्यंत न पोहोचणाऱ्या मुलांसाठी तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष असलेला मुक्त मूलभूत शिक्षणाचा कार्यक्रमही येथे आहे, आणि पालकांनी दहावीचा हट्ट सोडून त्याचा विचार करावा असे प्रसंग पुष्कळदा येतात.

या मोकळेपणाची किंमत मात्र दोन वर्षांनी कळते. गणित आणि विज्ञान सोडल्यावर अकरावी विज्ञानाचा विचार संपतो, हे सर्वांना समजते. पण फिटर किंवा इलेक्ट्रिशियन यांसारख्या आयटीआय ट्रेडसाठीही दहावीला हे दोन विषय लागतात, हे अनेक पालकांना प्रवेशाच्या खिडकीपाशी समजते. हाताने उत्तम काम करणारा, यंत्रे उघडून पुन्हा जोडणारा मुलगा केवळ गणिताच्या धास्तीने सोप्या पाच विषयांकडे वळवला जातो आणि त्याला शोभणारी वाट आपणच बंद करतो. अशा मुलासाठी गणित टाळण्याऐवजी ते शेवटच्या खेपेसाठी राखून ठेवावे आणि आधी बाकीचे विषय उरकावेत; नोंदणीची पाच वर्षे असतात ती याचसाठी.

शिकवण्याच्या बाबतीत ही सेवा कमकुवत आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला एक अभ्यास केंद्र मिळते, तेथे संपर्क वर्ग भरणे अपेक्षित असते, आणि शिक्षकांनी तपासायच्या स्वाध्यायांना २० टक्के भार असतो. कागदावर ही रचना उत्तम आहे. शहरातील एका केंद्रावर मात्र आमच्या मुलांना तयार उत्तरांचे कागद देऊन ते उतरवून आणायला सांगण्यात आले. लेखनाची अक्षमता असलेल्या मुलाला इतरांची उत्तरे उतरवायला लावण्यात कोणते शिक्षण आहे, हे मला विचारूनही समजले नाही. केंद्र निवडण्यापूर्वी पालकांनी स्वतः जाऊन संपर्क वर्गाचे वेळापत्रक पाहावे आणि तेथे आधी शिकलेल्या एखाद्या मुलाच्या घरी बोलून घ्यावे. स्वयंअध्ययनाची पुस्तके नीट बांधलेली आहेत, पाठातच प्रश्न आणि शेवटी उत्तरे आहेत. परंतु त्यांची भाषा जड आहे, आणि वाचनाचीच अडचण असलेल्या मुलाने ती एकट्याने वाचावीत ही अपेक्षा अवास्तव आहे. ‘मुक्त विद्या वाणी’ या इंटरनेट रेडिओवरील आणि चित्रफितींमधील पाठ बहुतांशी हिंदी-इंग्रजीत असल्याने सेमी इंग्रजीतून आलेल्या मुलांना ते उपयोगी पडतात, निव्वळ मराठी माध्यमाच्या मुलांना कमी. त्यामुळे घरी शिकवणारे कोणी नसेल तर खाजगी शिकवणीचा खर्च गृहीत धरावा लागतो, आणि प्रवेशशुल्कात दिव्यांगांना मिळणारी सवलत त्यापुढे नगण्य ठरते.

मुलाला दिवसभर जायला जागा उरत नाही, हा दोष त्याहून गंभीर आहे. शाळा सुटली की डबा, रिक्षा, मधली सुट्टी, स्नेहसंमेलन सारेच सुटते. स्वमग्न मुलाच्या बाबतीत तर मोठ्या कष्टाने लावलेली दिनचर्या एका जूनमध्ये मोडते. म्हणून मी पालकांना आधी मुलाचा दिवस कसा भरणार हे ठरवायला सांगते, आणि मंडळाची निवड त्यानंतर.

येथेच शाळांविषयी लिहिणे आवश्यक आहे. शहरातील काही शाळा नववीच्या निकालानंतर दिव्यांग मुलाच्या पालकांना बोलावून दाखला काढून घेण्याचा सल्ला देतात, आणि जूनमध्ये प्रवेशद्वारावर शंभर टक्के निकालाचा फलक झळकतो. सल्ला देणे वेगळे आणि दाखला काढायला भाग पाडणे वेगळे. सवलती मिळवून देणे ही शाळेची जबाबदारी आहे, याची आठवण पालकांनी नम्रपणे पण लेखी करून द्यावी.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचे काम दोन्ही मंडळांसाठी लागतेच. अध्ययन अक्षमतेसाठी २०१८ च्या केंद्रीय सूचनांनी वयाच्या १४ व्या आणि १८ व्या वर्षी फेरतपासणी सांगितली होती, आणि चौदावे वर्ष बहुधा आठवी-नववीत येत असल्याने ऐन अर्जाच्या वेळी जुना कागद निरुपयोगी ठरू शकतो. दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी आहे म्हणून रायटर नाकारला जात असेल, तर विकास कुमार प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२१ चा निकाल आणि त्यानंतर केंद्राने काढलेल्या मार्गदर्शक सूचना सोबत न्याव्यात. प्रत्यक्ष लेखनात अडचण असेल तर केवळ टक्केवारीवर बोट ठेवून रायटर नाकारता येत नाही, हे त्यांतून स्पष्ट होते. रायटर आणि वाढीव वेळ यांची मागणी परीक्षेचा अर्ज भरतानाच नोंदवावी.

शेवटी, ‘हमखास पास’ असे फलक लावणाऱ्या क्लासचालकांविषयी. प्रवेशअर्ज संस्थेच्या संकेतस्थळावर पालकांना स्वतः भरता येतो, आणि पुण्यात विभागीय केंद्र असल्याने शंका विचारण्यासाठी मध्यस्थाची गरज नाही. अर्जात मोबाइल क्रमांक आणि ईमेल स्वतःचाच द्यावा. तो क्लासचा दिला तर हॉल तिकिटापासून निकालापर्यंतच्या सर्व सूचना त्यांच्याकडे जातात, आणि पुढल्या खेपेची फी भरल्याशिवाय त्या पालकांपर्यंत पोहोचत नाहीत.